रमजानचाचांचा नातू रय्यान

रमजान सुरू झाला की लासूर स्टेशनच्या बाजारात खजुरांचे ढीग लागतात, संध्याकाळी फळांच्या गाड्यांभोवती गर्दी होते आणि मोबाइलवर शुभेच्छांची रांग लागते. या शुभेच्छांमध्ये गेल्या काही वर्षांत एक बारीकसा बदल झाला आहे. पूर्वी सगळे 'रमजान मुबारक' म्हणत. आता बरीच तरुण मुलं 'रमदान करीम' लिहितात. शब्द एकच आहे. अरबीत ज्या अक्षराचा उच्चार 'द'च्या जवळ जातो, त्याचाच फारसी आणि उर्दूत 'झ' होतो आणि मराठीत आपण सरळ 'रमजान' म्हणतो. आपल्याकडे हा शब्द फारसीच्या वाटेने आला, दख्खनमध्ये मुरला आणि मराठीही झाला. आता तोच शब्द मोबाइलच्या वाटेने पुन्हा थेट अरबीतून येतो आहे.

महिन्याच्या नावाचं जे झालं, तेच मुलांच्या नावांचंही झालं आहे. आपल्या भागात गावोगावी एखादे रमजानचाचा असत. या महिन्यात जन्मले म्हणून रमजान. ईदेच्या आसपास जन्मला तो ईदू, शुक्रवारचा जुम्मन, रजब महिन्यातला रज्जब. शेजारच्या घरात मंगळवारी जन्मलेली मंगल असे, बुधवारचा बुधाजी आणि श्रावणातला श्रावण. पंचांग वेगळं, पण रीत एकच. आज रमजानमध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव कुणी रमजान ठेवत नाही, रय्यान ठेवतात. हदीसमध्ये स्वर्गाच्या एका दरवाजाचा उल्लेख येतो. त्याचं नाव रय्यान, आणि त्यातून फक्त रोजेदार आत जातील असं सांगितलं आहे. म्हणजे नातवाच्या नावातही रोजा आहेच. फक्त आजोबांचं नाव शेजारच्या मारुतीच्या पारावर बसलेल्या माणसालाही समजत होतं, नातवाचं समजावून सांगावं लागतं. हा फरक चांगला की वाईट, असा प्रश्न लगेच विचारू नये. आधी तो नीट पाहावा.

एका अंगणातली नावं

जुन्या मराठवाड्यातली नावं धर्माच्या कुंपणाला फारशी जुमानत नसत. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातल्या वेरूळचं आहे. मालोजीराजे भोसले यांना नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यात केलेल्या नवसानंतर दोन मुलगे झाले आणि त्या पीराच्या नावावरून एकाचं नाव शहाजी, दुसऱ्याचं शरीफजी ठेवलं, असं परंपरा सांगते. त्याच वाटेने पिराजी हे नाव मराठवाड्यातल्या कितीतरी हिंदू घरांत आलं. फकिरा हे नावही तसंच. अण्णा भाऊ साठे यांच्या 1959 सालच्या कादंबरीचा नायक फकिरा मातंग समाजातला आहे, आणि त्याच्या नावातला फकीर अरबीतला आहे. साहेबराव, दौलतराव, गुलाबराव, हैबतराव, बाजीराव यांतले पहिले शब्द अरबी-फारसी आहेत आणि 'राव' आपला. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण ते शब्द तोवर घरचे झाले होते.

उलट बाजूही तितकीच घट्ट होती. मुस्लिम घरांत चांद, लाल, बाबू, छोटू, दगडू, कचरू, भिकन अशी नावं सर्रास असत. मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा, भिका म्हणायचं, म्हणजे नजर लागत नाही, मृत्यू त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, ही समजूत दोन्ही घरांची होती. दोन्ही घरांतल्या आईची भीती सारखी होती, म्हणून नावही सारखं होतं. दर्ग्यांवरून आलेली नावं वेगळी: ख्वाजा, गौस, दस्तगीर, बंदेनवाज, महेबूब. खुलताबादच्या सूफी संतांच्या आठवणीने बुऱ्हाण आणि जैनोद्दीन. कुठल्या दर्ग्यावर घराची श्रद्धा आहे, हे मुलाच्या नावावरून कळे.

बायकांच्या नावांचं तर व्याकरणच एक होतं. इकडे गंगूबाई, तिकडे जैतूनबी. इकडे सखूबाई, तिकडे रहेमतबी. 'बाई' आणि 'बी' ही दोन शेपटं साधारण एकाच काळात गळून पडली. आज शाळेच्या पटावर एकही 'बाई' नाही आणि एकही 'बी' नाही. राव गेले, मियाँही गेले. नावं छोटी झाली, दोन-तीन अक्षरांत आली. म्हणजे बदलही दोन्ही घरांत एकदमच झाला आणि एकाच दिशेने झाला.

नावं कुठून येतात?

पूर्वी नाव घरातल्या मोठ्यांकडून यायचं. हिंदू घरात बाराव्या दिवशी बारसं. बाळाच्या कानात 'कुर्र' करण्याचा मान आत्याचा. आमच्याकडे बाळाच्या कानात अजान दिली जाते आणि सातव्या दिवशी अकीका होतो, त्या वेळी जावळ काढून नाव ठेवण्याची रीत आहे. कितीतरी घरांत फुप्पूला विचारल्याशिवाय नाव पक्कं होत नसे. म्हणजे आत्याबाईंचा अधिकार दोन्हीकडे होता आणि रुसण्याचा हक्कही.

मग सिनेमा आणि क्रिकेट आलं. एका पिढीत सलमान, शाहरुख, आमिर यांची गर्दी झाली. अझरुद्दीन भारताचा कर्णधार असताना जन्मलेले अझर आज पस्तिशीच्या आसपास आहेत. श्रीरामपूरच्या झहीर खानने आपल्या पट्ट्यात झहीर हे नाव नव्याने चालवलं, हैदराबादच्या सानिया मिर्झाने सानिया. 2020 साली टाळेबंदीतल्या रमजानमध्ये तुर्कस्तानची 'अर्तुग्रुल' ही मालिका उर्दूत आली, आणि मराठवाड्यातल्या घरांत कधी नव्हे ती तुर्की नावं बोलली जाऊ लागली.

आता आत्या आणि फुप्पू दोघींची जागा मोबाइलने घेतली आहे. सगळ्यांची एकच अट असते: नाव 'युनिक' हवं, आपल्या ओळखीत कुणाचं नको. गंमत अशी की सगळेच एकाच यादीत शोधत असल्याने वर्गात तीन आयान, दोन आयरा आणि चार इनाया बसतात. शेजारच्या बाकावर विहान, रेयांश, अद्विक आणि कियारा असतात. मी वर्गात हजेरी घेतो तेव्हा कानाला जाणवतं की जुन्या पटावर बबन आणि बाबूमियाँ जितके जवळ होते, तितकेच नव्या पटावर आयान आणि विहान जवळ आहेत. सारा, मायरा, अमन, साहिल, कबीर, समीर ही नावं तर ऐकून कुठल्या घरातली ते सांगता येत नाही. समीर म्हणजे संस्कृतात वारा आणि अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा मित्र. दोन भाषांतून दोन वाटांनी आलेला हा मुलगा दोन्ही घरांत सुखाने राहतो.

अर्थ विचारला का?

खरी अडचण नाव नवं असण्यात नाही. नाव ठेवणाऱ्यालाच अर्थ माहीत नसतो, ही अडचण आहे. कुरआन वाचताना कानाला गोड लागलेला शब्द उचलून नाव ठेवण्याची एक लाट सध्या आहे. भावना चांगली असते. पण कुरआनात आलेला प्रत्येक शब्द नाव नसतो. 'लिंता' हे मुलीचं नाव अशाच वाटेने आलं. मूळ अरबीत ते नाम नाही, क्रियापद आहे: 'तू मृदू झालास'. 'इकरा' म्हणजे 'वाच'. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यावर उतरलेला तो पहिला शब्द, आणि कुरआनचं अवतरण रमजानमध्येच सुरू झालं, त्यामुळे इकरा या नावामागे मोठा अर्थ उभा आहे. तो मुलीला सांगितला तर ती आयुष्यभर पुस्तक हातातून सोडणार नाही. सांगितलाच नाही, तर मराठी शाळेत तिला 'अकरा' म्हणून चिडवतील तेव्हा तिच्याकडे उत्तर नसेल.

लिपी बदलली की आणखी गोंधळ होतो. 'आसिया' हे नाव घ्या. फिरऔनच्या जुलमी राजवाड्यात राहूनही श्रद्धा न सोडणारी त्याची पत्नी आसिया, हे मोठ्या मानाचं नाव आहे. पण अरबीत वेगळ्या अक्षरांनी लिहिला जाणारा दुसरा एक 'आसिया' आहे, त्याचा अर्थ आज्ञा मोडणारी. पैगंबर साहेबांनी या दुसऱ्या नावाच्या एका स्त्रीचं नाव बदलून जमीला, म्हणजे सुंदर, ठेवल्याची हदीस प्रसिद्ध आहे. देवनागरीत दोन्ही आसिया एकसारख्याच दिसतात. 'अनम'चंही तसंच. एका उच्चाराने त्याचा अर्थ सारी जीवसृष्टी, दुसऱ्याने गुरंढोरं. आणि मराठीत कुणी काना देऊन 'अनाम' लिहिलं, तर ज्या मुलीचं नाव ठेवलं तीच बिननावाची होते.

दोन भाषांमध्ये राहणाऱ्या माणसाला या गोष्टींची मजाही वाटते. 'आयत' म्हणजे कुरआनातलं वचन, ईश्वराची खूण. मराठी माध्यमाच्या गणिताच्या पुस्तकात आयत म्हणजे लांबी आणि रुंदी असलेली चौकोनी आकृती. 'सारा' हे हजरत इब्राहीम यांच्या पत्नीचं नाव. शेतकऱ्याच्या घरात मात्र सारा म्हटलं की शेतसारा आठवतो. 'झैन' म्हणजे सौंदर्य. कारकुनाने 'जैन' लिहिलं की धर्मच बदलतो. आणि 'रेहान' म्हणजे सुगंधी वनस्पती. अरबी बोलणारे बहुधा त्या कुळातल्या झाडाला रेहान म्हणतात, ज्याचं बी आपण सब्जा म्हणून इफ्तारच्या सरबतात घालतो. हे झाड आपल्या अंगणातल्या तुळशीचं सख्खं भावंडं आहे. एका घरातला रेहान आणि समोरच्या घरातली तुळसा, दोघांचं कूळ एक.

वाईट नाव बदलावं ही शिकवण फक्त एका धर्माची नाही. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना 'नकुशा' म्हणजे नकोशी म्हणत. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे 285 मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. आपल्याकडच्या कचरू आणि भिकन या नावांमागे निदान मूल वाचावं ही धडपड होती. नकुशामागे तीही नव्हती. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं म्हणता येत नाही. नव्या पिढीच्या आईबापांनी मुलीला आयत, दुआ, इनाया म्हणावं, म्हणजे वचन, प्रार्थना, कृपा म्हणावं, ही पुढे जाण्याचीच खूण आहे. मुलगी झाली म्हणून नाव शोधायला रात्र-रात्र जागणारा बाप ही काही लहान गोष्ट नाही.

नाव ऐकल्यावर

या सगळ्यात एक गोष्ट आईवडील हळू आवाजात बोलतात. 'असं नाव सांगा, जे कुठेही चालेल.' या वाक्याचा अर्थ बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही कळतो. मुलगा पुण्याला शिकायला जाणार, मुलगी मुंबईत नोकरीला जाणार. खोली भाड्याने घ्यायला फोन केला की आधी नाव विचारलं जातं, आणि नाव सांगितल्यावर खोली 'कालच गेलेली' असते. मग वाटतं, मुलाचं नाव समीर, साहिल, कबीर असावं. निदान पहिलं वाक्य तरी पूर्ण बोलता येईल. काही घरांत याच काळजीने उलटं होतं. ओळख पुसली जाऊ नये म्हणून मुद्दाम ठसठशीत अरबी नाव ठेवतात. दोन्ही निर्णयांमागे आईवडिलांची माया आहे, आणि दोन्हींमागे थोडी भीतीही.

मी दोघांनाही दोष देत नाही. पण एक सांगावंसं वाटतं. पहिल्या नावाने सुटका होत नाही. पुढच्या रकान्यात वडिलांचं नाव आणि आडनाव येतंच. तेव्हा हा प्रश्न बाळाच्या नावाने सुटणारा नाही, नाव ऐकणाऱ्याच्या मनाने सुटणारा आहे. रमजानचाचांचं नाव ऐकून पारावरचा माणूस सरकून जागा करत असे. तसं रय्यानचं नाव ऐकून घरमालकाने करायला हवं. नाव सोपं असणं ही आईवडिलांची जबाबदारी असेल, पण नाव ऐकून माणूस न ठरवणं ही बाकी सगळ्यांची आहे. आणि ती हिंदू नाव ऐकून अंतर ठेवणाऱ्या मुस्लिमालाही तितकीच लागू आहे.

कागदावरचं नाव

नावाचा दुसरा हिशेब कागदावर होतो आणि तिथे मराठवाड्याची स्वतःची एक अडचण आहे. निजामकाळातल्या उर्दू दफ्तराची सवय इथे अजून आहे. आपल्याकडे 'शेख रफिक शेख चांद' असं लिहितात: शेख चांद यांचा मुलगा शेख रफिक. पश्चिम महाराष्ट्रात हाच माणूस 'रफिक चांद शेख' होतो. ऑनलाइन अर्जातल्या नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा तीन रकान्यांत आपलं चार शब्दांचं नाव बसत नाही. कुठे शेख हेच पहिलं नाव होतं, कुठे चांद आडनाव होतं. मुहम्मदचं 'मो.' होतं आणि पुढच्या कागदावर तो 'मो' हेच नाव समजलं जातं. अब्दुल रहमान हे एक अखंड नाव, रहमानचा सेवक या अर्थाचं. ते तोडून 'अब्दुल' पहिल्या रकान्यात आणि 'रहमान' दुसऱ्यात गेलं, की उरतो नुसता 'चा सेवक'. कुणाचा ते सांगायचं राहूनच जातं. मराठीत ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार असल्याने जुबेर, झुबेर आणि इंग्रजीतली तीन स्पेलिंगं एकाच मुलाच्या पाच कागदांवर सापडतात. बोलण्यात याचं काही बिघडत नाही. शिष्यवृत्तीच्या किंवा पासपोर्टच्या खिडकीवर बिघडतं.

आता याला उशीर करून चालणार नाही. जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, विवाह नोंदणी, वाहन परवाना, पासपोर्ट, सरकारी नोकरी अशा कामांना जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्माचा दाखला. पूर्वी मास्तर शाळेत नाव घालताना मनाने तारीख आणि नाव लिहीत आणि तेच आयुष्यभर चाले. ते दिवस संपले. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. पण त्याच वेळी नाव सुचलं नसेल तर घाई करायची गरज नाही. नोंदीत बाळाचं नाव नंतर घालता येतं: 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क, आणि पुढे शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. दवाखान्यातून सुटी होताना घाईघाईत काहीतरी लिहून टाकण्यापेक्षा अकीका किंवा बारसं होऊ द्यावं, अर्थ विचारावा, स्पेलिंग ठरवावं आणि मग नाव नोंदवावं.

आणखी एक बदल झाला आहे. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे. काही घरांत या बदलाने कुजबुज झाली. 'आपल्यात असं नसतं' हे वाक्य दोन्हीकडे ऐकू आलं. पण आपल्याच जिल्ह्यातलं पैठण आठवावं. तिथल्या सातवाहनांचा सगळ्यात पराक्रमी राजा स्वतःला आईच्या नावाने गौतमीपुत्र म्हणवत होता. आणि कुरआन हजरत ईसा यांना ईसा इब्न मरियम, म्हणजे मरियमचा पुत्र, याच नावाने ओळखतो. आईचं नाव लावण्यात कमीपणा असता, तर राजाने ते लावलं नसतं आणि आसमानी ग्रंथात ते आलं नसतं. ज्या मुलीला घरातल्या कागदांनी आजवर 'अमक्याची बायको' एवढंच ठेवलं, तिचं नाव आता तिच्या मुलाच्या नावात आहे.

बाळाचा हक्क

आमच्याकडे चांगलं नाव हा मुलाचा आईवडिलांवरचा हक्क मानला जातो. याचा सरळ अर्थ असा की नाव आपल्या हौशीसाठी नसतं, बाळासाठी असतं. ते त्याला शाळेत, बाजारात, कचेरीत, आजारपणात, लग्नात आणि शेवटी कबरीपर्यंत न्यायचं आहे. म्हणून नाव पक्कं करण्याआधी चार गोष्टी कराव्यात. ज्याला भाषा येते अशा माणसाला अर्थ विचारावा. मोबाइलवरच्या यादीवर विसंबू नये. ते नाव उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्हींत लिहून पाहावं आणि तिन्हीकडे एकच स्पेलिंग कायम ठेवावं. घरातल्या आजीला ते एकदा हाक मारून म्हणायला सांगावं. आणि शेजारच्या काकूंनाही म्हणायला सांगावं. ज्या नावाने आजी आणि शेजारीण दोघी सहज हाक मारू शकतात, ते नाव या मातीत रुजतं, मग ते अरबी असो, संस्कृत असो की तुर्की.

काही दिवसांत ईद येईल. शीरखुर्म्याच्या वाट्या या घरातून त्या घरात जातील. ज्या घरात यंदा पाळणा हलला असेल, तिथे फक्त 'बाळ कुणासारखं दिसतं' एवढंच विचारून परत येऊ नका. नाव विचारा, त्याचा अर्थ विचारा आणि नीट उच्चार करून एकदा हाक मारा. त्या बाळाने शेजारघरातून ऐकलेली ती पहिली हाक असेल.